चाळीस खुर्च्या, एक पाठ

४ जानेवारी

मावशे,

वाकून नमस्कार करायचा असतो, पण कंबर आज नाही म्हणतेय, तेव्हा उभ्यानेच घे. परवा फोन आपटला त्याबद्दल माफी मागणार नाही. तूच म्हणालीस ना, "तू आधी भडकतोस आणि मग ऐकतोस, त्यापेक्षा पत्र लिही, कागद आपटता येत नाही"? घे. लिहितोय.

तब्येत विचारलीस. तीच आहे. सकाळी आधी डोळे उघडतात, अंग नंतर. पडल्या पडल्या हजेरी घेतो. मान? हजर. खांदे? हजर. पोटऱ्या? दोन्ही हजर, तक्रारीसकट. कुणीतरी अंगाचा ओला टॉवेल करून पिळलाय आणि तसाच पिळलेला वाळत टाकलाय, असं वाटतं. तुला काय सांगायचं म्हणा, तुझा एकोणीस वर्षांचा अनुभव. डॉक्टरबाईंनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट नॉर्मल. आई ते रिपोर्ट शेजारच्या काकूंना दाखवत होती, जसा काही मी पहिला आलोय. बाई मात्र म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये दिसत नाही म्हणजे दुखत नाही असं नाही. स्नायू सैल व्हायला विसरलेत. शेक, रोज थोडं चालणं, वेळेवर झोप. अगदीच वाईट दिवशी ही गोळी, आणि एकच." बाई भांडायला जागाच देत नाहीत.

आता खरी बातमी. कॉलेज सोडलं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता, पण खुर्च्यांच्या कारखान्यात माझा भाव सध्या वधारलाय. झालं असं, की मिस्त्रींनी नवी बनवलेली खुर्ची सगळ्यांना बसायला दिली. सगळे म्हणाले, झकास. मी दहा मिनिटांत म्हणालो, "खुर्चीचा डावा हात अर्धं बोट उंच आहे." मोजलं तर होता! माणसाला जे तीन तासांनी कळतं ते मला दहा मिनिटांत कळतं, कारण माझं अंग आधीच बोंब मारायला टपलेलं असतं. तेव्हापासून प्रत्येक नवा नमुना आधी माझ्याखाली येतो. वीस मिनिटं पेपर वाचत बसायचं आणि कुठे टोचतं ते सांगायचं. मिस्त्री म्हणतात, "पोराच्या पाठीला डोळे आहेत." त्यांना वाटतं ही देणगी आहे. मी खोडून काढलेलं नाही.

आणि सार्वजनिक वाचनालयाची चाळीस खुर्च्यांची ऑर्डर आलीय. मापं घेऊन तिथली सहायक ग्रंथपाल आली होती. मावशे, ती मुलगी कागदावरचं माप वाचताना ओठ हलवते. संपलं. मी गेलो. तुला हसायचंय तर हस. फोनवर तू म्हणालीस, "आवडलीय तर आधी दुखण्याचं सांगून टाक." म्हणून तर फोन आपटला. ती अठरा तारखेला, रविवारी, टेकडीवर चल म्हणतेय. मी हो म्हटलंय. टेकडी चढणाऱ्या माणसाला कोण विचारतं तुझी मान का वळत नाही?

तुझा,
फटाक्या


११ जानेवारी

फटाक्या,

उभ्याने केलेला नमस्कार पोचला. आशीर्वाद बसूनच देते, मला तेवढी सूट आहे.

हसले, पण तुझ्यावर नाही. तुझ्या काकांनी मला पहिल्यांदा बघितलं ते मी शिवणखात्यात कापड कापत असताना. म्हणे, "काय ताठ उभी राहते ही! मानी दिसते." मानी कसली! मान वळली असती तर मी तेव्हाच वळून बघितलं असतं. लग्नानंतर चार महिने मी तो मानीपणा निभावला. धुणं पिळताना दाराआड जाऊन रडायचे. शेवटी एक दिवस हातातून पातेलं सुटलं, आणि काका म्हणाले, "तुला माझा एवढा कसला राग आलाय गं?" चार महिने तो बिचारा समजत होता की मी रागावलेय! तेव्हा सांगितलं. म्हणून तुला म्हणते, सांग. न सांगितलेलं दुखणं लोक आपापल्या मनाने वाचतात, आणि कधीच बरोबर वाचत नाहीत.

माझं म्हणशील तर उत्तम. सकाळी गरम पाण्याची पिशवी, मग अंगणात वीस फेऱ्या, मग काम. काल एका दिवसात साठ शर्टांचं कापड कापलं. या वयात! आपल्यासारख्यांनी अंगाशी कुस्ती खेळायची नसते, संसार करायचा असतो. कधी त्याचं ऐकायचं, कधी आपलं खरं करायचं.

टेकडीला जायचंय तर निम्मी चढ. आणि त्या खुर्चीच्या देणगीचंही मिस्त्रींना खरं काय ते सांग. लपवायला ती काही चोरी नव्हे.

ताईला सांग, रिपोर्ट फ्रेम करू नकोस.

मावशी


२० जानेवारी

मावशे,

नाही सांगणार. तुझ्या पत्राचा मान राखून सांगतो, नाही म्हणजे नाही.

तुला माहीत नाही मी कॉलेज का सोडलं. आईला सांगितलं की अभ्यासात मन लागत नाही. खरं असं, की त्या बाकांवर सलग दोन तास बसलं की खांद्यापासून बोटांपर्यंत तारा ओढल्यासारख्या व्हायच्या. मी सारखी चुळबुळ करायचो. एक दिवस सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तुम्हाला साधं बसता येत नाही, शिकणार काय?" सगळे हसले. मी म्हणालो, "सर, तुम्ही दोन तास उभे राहून शिकवता, एकदा दोन तास या बाकावर बसून दाखवा." तिथून प्रकरण प्राचार्यांच्या खोलीत गेलं आणि मी घरी. पण त्याआधी, वर्गातून बाहेर पडताना, पुढच्या बाकावरची एक मुलगी दुसरीला म्हणाली, "बिचारा." मावशे, हसणं परवडलं. तो शब्द मला पुन्हा ऐकायचा नाही. आणि हिच्या तोंडून तर नाहीच.

आता ऐक. रविवारी टेकडी चढलो. निम्मी नाही, पुरी! एकदाही थांबलो नाही. ती तीनदा थांबली आणि मी वरून तिला चिडवत होतो. "पुस्तकं उचलून दंड होतात, पाय नाही होत," म्हटलं. तिने मातीचं ढेकूळ मारलं, बरोबर कानाला लागलं. वर गेल्यावर तिने विचारलं, "तू नेहमी असाच असतोस का?" मी म्हटलं, "असाच." अंग पिसासारखं हलकं होतं. प्रेमाने माणूस बरा होतो असं लोक उगाच म्हणत नसतील.

सोमवारी वाचनालयाच्या खुर्चीचा नमुना तयार होता. बसलो. वीस मिनिटं. काही नाही. हट्टाने चाळीस मिनिटं बसलो. तरी काही नाही! इतकी निर्दोष खुर्ची मी आयुष्यात अनुभवली नव्हती. मिस्त्रींना म्हटलं, "हात लावू नका, अशाच चाळीस काढा." मिस्त्री खुश. तिच्यासाठीची खुर्ची, माझ्या हातून पास झालेली. याहून काय पाहिजे?

तुझा,
फटाक्या


२ फेब्रुवारी

फटाक्या,

टेकडी पुरी चढलास, आणि दुसऱ्या दिवशी कामावर? मला शिकवू नकोस. काय घेतलंस? किती? आधी ते कळव.

मावशी


१९ फेब्रुवारी

मावशे,

तुझं चार ओळींचं पत्र आलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. मी दोन पानं मन मोकळं करायचं आणि तू पोलिसासारखी जबानी घ्यायची? अक्षर तरी नीट काढायचंस. कुणाचं भलतंच वाटत होतं, इतकं रागाने खरडलेलं. म्हणून इतके दिवस गप्प बसलो. आता लिहितोय कारण दुसरं कुणी नाही.

शनिवारी एक गोळी घेतली, आधीच. रविवारी सकाळी दोन. सोमवारी टेकडीने वचपा काढू नये म्हणून पुन्हा दोन. बाईंनी एकच सांगितली होती, तीही वाईट दिवशी. मी चांगल्या दिवसासाठी घेतल्या. झालं तुझं समाधान? पुढे ऐक.

बारा तारखेला चाळीस खुर्च्या वाचनालयात पोचल्या. सोळाला ती कारखान्यात आली. म्हणाली, "रागावू नकोस, पण तासाभराने खांद्याच्या पात्याखाली कळ येते. मला येते, आणि परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं तर उभ्याने वाचायला लागलीत." मी रागावलो. तिथल्या तिथे तिच्याबरोबर वाचनालयात गेलो आणि सगळ्यांसमोर, त्या शांत खोलीत, मोठ्यांदा म्हणालो, "खुर्चीत काही दोष नाही. तुम्हाला लोकांना बसताच येत नाही!"

बोललो, आणि माझ्याच कानांत त्या सरांचा आवाज आला.

ती काही ओरडली नाही. पांढऱ्या मिशांचे एक वाचक पेपरमागून बघत होते. तिने फक्त खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि हळूच म्हणाली, "मग तू बसून दाखव."

बसलो. गेले चार आठवडे एकही गोळी घेतलेली नाही, हे तेव्हा डोक्यातही नव्हतं. नवव्या मिनिटाला पात्याखाली असं काही टोचलं की डोळ्यांत पाणी आलं. पाठीची वरची पट्टी पुढे झुकलीय. आंधळ्याला कळेल इतकी. मला त्या सोमवारी कळली नाही कारण त्या सोमवारी मला पाठच नव्हती. मी ती गोळ्या घालून झोपवली होती.

मी उठलो, "मला काम आहे" म्हणालो आणि पळून आलो. तेव्हापासून तिच्याशी बोललेलो नाही. मिस्त्री म्हणतायत, वाचनालयवाले नखरे करतात, कारण पोराने पास केलीय म्हणजे खुर्ची चूक असूच शकत नाही. माझ्यासाठी ते लोकांशी भांडतायत, मावशे. आणि मी खिळे मोजत असल्यासारखा खाली मान घालून उभा असतो. खरं सांगितलं तर काम जाईल, तीही जाईल. नाही सांगितलं तर चाळीस माणसं रोज तिथे बसून माझं दुखणं शिकतील.

रागाव, पण जरा लांब लिही.

फटाक्या


२५ फेब्रुवारी

फटाक्या,

हे मी, तुझा काका, लिहितोय. मजकूर तिचा, अक्षर माझं. मागच्या पत्रातलं "भलतंच अक्षर" माझंच होतं. मी ते रागाने खरडलं नव्हतं, माझं अक्षर तसंच आहे.

ती म्हणते, सुरुवात नीट कर. म्हणते, लिही: "मी तुझ्याशी खोटं बोलले."

डिसेंबरपासून तिच्या हातात कात्री धरवत नाही. कोपरापासून खाली हात लाकडासारखे होतात. साठ शर्ट वगैरे सगळं झूट. जानेवारीतलं पत्र तिने चार दिवस, रोज थोडं थोडं असं लिहिलं. मी म्हणालो होतो, मला सांग, मी लिहितो, तर मला म्हणाली— (हे मी लिहिणार नाही.) लिही म्हणते. बरं. म्हणाली, "तुमचं अक्षर बघून पोराला वाटेल मी मेले."

आता तिचेच शब्द:

"लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, अशातली मी. तुला म्हटलं सांगून टाक, आणि शिवणखात्यातल्या पर्यवेक्षकांना मी एकोणीस वर्षं काही सांगितलं नाही. रजा घेतली तीही तापाची म्हणून. का? तुला 'बिचारा' नको होतं, मला 'म्हातारी झाली' नको होतं. तुझं पत्र यांनी वाचून दाखवलं. मी म्हटलं, आधी उठा, मला चप्पल घालून द्या. तशीच गेले आणि सांगितलं. साहेब म्हणाले, 'बाई, तुम्ही कापणाऱ्या दोघींच्या मागे उभ्या राहून नुसतं बघत जा. कापड कुठे वाया जातंय ते तुमच्याएवढं कुणाला कळतं?' महिनाभर बघू म्हणालेत. पुढचं पुढे. मला ते पटलंय असं नाही. हातात कात्री नसलेली मी मला ओळखू येत नाही. पण काल घरी येताना मी रस्त्यात चक्क गुणगुणत होते, हे विचार यांना."

(गुणगुणत होती. बेसूर.)

"आता तुझं. गोळ्यांचं डॉक्टरबाईंना सांग, आणि लपवालपवी न करता सांग. मिस्त्रींना सांग. तिला सांग. जे जायचंय ते खरं सांगून जाऊ दे. खोटं बोलून राहिलेलं तुला रोज राखत बसावं लागेल, आणि आपल्या अंगात तेवढं जास्तीचं बळ नाही, बाळा. पत्र पोचल्या पोचल्या कळव."

ती आता पाठ टेकून बसलीय. मी माझं एक घालतो: पातेलं पडलं त्या दिवशी तिने सांगितलं, तेव्हा मला दया वगैरे आली नव्हती. हायसं वाटलं होतं. मी चार महिने समजत होतो की हिला मी आवडत नाही.

काका


६ मार्च

मावशे, काका,

दोघांना एकच पत्र, कारण बोटं दुखतायत. कारण वाचा म्हणजे कळेल.

आधी डॉक्टरबाई. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग चष्मा काढला. चष्मा काढणं हे त्यांचं ओरडणं आहे. गोळ्या बंद, व्यायामाला दर बुधवारी हजेरी. कबूल केलं.

मग मिस्त्री. रंधा मारत होते. मी एका दमात सगळं सांगितलं: अंग नेहमीच दुखतं, देणगी वगैरे काही नाही, आणि त्या सोमवारी गोळ्या घेतल्या होत्या. रंधा थांबला.

"म्हणजे रोज दुखतं?"

"रोज."

"आत्ता?"

"आत्ता पण."

"आणि त्याच्यावरून तू मला खुर्च्या सांगत होतास?"

"हो."

मला वाटलं आता गेटकडे बोट दाखवणार. तर त्यांनी रंधा खाली आपटला. माझा गुरू शोभतो! "दुखणं तुझं आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव. पण खुर्ची माझी आहे! त्या दिवशी नुसतं म्हणाला असतास, 'आज माझी पाठ कामावर नाही', मी नमुना चार दिवस ठेवला असता. तुझ्या जिवावर मी त्या वाचनालयाच्या अध्यक्षांना नाही नाही ते बोललो!" मग बराच वेळ स्वतःशी पुटपुटत राहिले. शेवटी म्हणाले, "देणगी नाही म्हणतोस. फुकटात मिळते ती देणगी. ही तू विकत घेतलीयस, गाढवा. जपून वापर." आणि स्वतः वाचनालयात जाऊन अध्यक्षांची माफी मागून आले. मला बरोबर नेलं नाही. म्हणाले, तू तोंड उघडलंस की नवं भांडण.

दुरुस्ती सोपी आहे. पाठीच्या दोन स्क्रूंमागे लाकडाची बारीक पाचर ठोकायची, की पट्टी मागे जाते. पण प्रत्येक खुर्ची थोडी वेगळी, म्हणून पाचर बसवली की बसून बघायला हवी. कोण बसणार? उघड आहे.

आता ती. तिला सांगायला वाचनालयात गेलो. माझ्या मनात होतं, मोठ्या आवाजात, छाती पुढे काढून, एकदाच काय ते बोलायचं. पण तिथे कुजबुजावं लागतं ना! आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मी कपाटाआड उभा राहून, पांढऱ्या मिशांच्या त्या वाचकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने सांगितली. दोनदा त्यांनी "शूऽऽ" केलं. एका परीने बरं झालं. कुजबुजत भडकता येत नाही.

तिने ऐकलं. मग विचारलं, "टेकडीवर पण गोळ्या घेऊन आला होतास?"

"हो."

"आणि मला वरून चिडवत होतास?"

"हो."

"मी तीनदा थांबले. मला दम लागला होता म्हणून थांबले. मी लपवलं का?"

"तुला 'बिचारा' वाटायला नको होतो," एवढंच म्हटलं.

"बिचारा?" आता तिचाच आवाज चढला. "पूर्ण वाचनालयाला बसता येत नाही म्हणून सांगणारा माणूस? बिचारे आम्ही!" मिशीवाल्यांनी पेपर खाली ठेवला. ती लाल झाली, वळली आणि पुस्तकं लावायला निघून गेली. चार दिवस एक शब्द नाही. काका, तुमचे चार महिने कसे गेले असतील ते मला चार दिवसांत कळलं.

पाचव्या दिवशी वाचनालयाला सुट्टी होती. मी आणि मिस्त्री पाचरी घेऊन तिथे गेलो. किल्ली घेऊन ती आली. खडू काढला आणि म्हणाली, "तू बस, सांग. मी खूण करते." मिस्त्रींनी मला डोळा मारला, चाळीस खुर्च्यांच्या मध्ये. या वयात!

गोळी नव्हती. अंग पूर्ण कामावर होतं. पहिल्या खुर्चीवर बसलो, म्हटलं, "डावीकडे अजून." मिस्त्रींनी पाचर ठोकली. "आता?" "आता ठीक." खडूची खूण. दुसरी. तिसरी. लोकांसमोर 'इथे दुखतंय' असं मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी शंभरदा तरी म्हटलं असेल, तेही मोठ्यांदा, आणि दर वेळी कुणीतरी हातोडी घेऊन दुरुस्त करत होतं. मजा यायला लागली. दहाव्या खुर्चीनंतर ती विचारायला लागली, "कळ आहे की ओढ? पसरते की जागच्या जागी?" मी सांगत होतो. ती पुस्तकांच्या नोंदी करते तशी, ओठ हलवत, ऐकत होती.

सत्ताविसाव्या खुर्चीवर बसलो तेव्हा मान, खांदे, बोटं सगळंच ओरडत होतं. खुर्ची कुठली आणि मी कुठला, काही कळेना. पण तेराच राहिल्या होत्या, आणि ती समोर होती. मी हसून म्हटलं, "एकदम ठीक आहे. पुढची आण."

तिने खडू टेकवला नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"खोटं," ती म्हणाली. "उठ."

"अगं, खरंच—"

"तुझा डावा खांदा कानाला लागलाय. उठ म्हटलं ना." मग मिस्त्रींकडे वळून, "काका, हातोडी ठेवा. उरलेल्या तेरा उद्या."

उद्या सुट्टी नव्हती. वाचक असणार, मिशीवाले असणार, सगळ्यांसमोर बसून सांगावं लागणार होतं कुठे दुखतंय ते. माझ्या तोंडाशी नेहमीचं आलं होतं, की मी आजच संपवून दाखवतो.

म्हटलं, "बरं. उद्या."

फटाक्या